मदत नको म्हणणारा माणूस

२०२१ च्या जुलैमध्ये कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात पूर आला होता तेव्हा शरद पवारांनी किल्लारीच्या भूकंपातली एक आठवण सांगितली होती. १९९३ ला ते मुख्यमंत्री, पंतप्रधान नरसिंह राव, आणि राव किल्लारीला यायला निघाले होते तर पवारांनी त्यांना सांगितलं की लगेच येऊ नका, थोडे दिवस जाऊ द्या, तुम्ही आलात की इथली सगळी यंत्रणा मदतीचं काम सोडून तुमच्या मागं लागेल. रावांनी ते ऐकलं. आठवण सांगायचं कारण उघड होतं, पूरग्रस्त भागात पुढाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यांनी बातमी वाचली आणि दौरे काही थांबले नाहीत, ते आपलं नेहमीचंच.

मला त्यातल्या राजकारणात पडायचं नाहीये. मला त्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं, ‘आत्ता येऊ नका’. मोठ्या भूकंपानंतर मदतीचा समन्वय वगैरे म्हणतो आपण, त्यावर परिषदा होतात, शासनाची जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं आहेत, पण माझं म्हणणं असं की समन्वय म्हणजे शेवटी कोणीतरी एक जण नको म्हणायला मोकळा असणं. हा ट्रक नको, ही टीम आज नको, हे औषध परत घेऊन जा, तुम्ही किल्लारीला नका जाऊ, सास्तूरला जा. हे म्हणणारा माणूस स्थानिक असला पाहिजे, त्याच्याकडं माहिती असली पाहिजे आणि त्यानं नको म्हटल्यावर मुंबईहून फोन येऊन त्याचा निर्णय फिरता कामा नये. बाकी सगळं, तंबू, रेशन, ॲम्ब्युलन्स, डॉक्टर, हे आपल्या देशात आता येतंच येतं. १९९३ लाही आलंच होतं.

किल्लारीचं थोडं सांगतो, कारण आता तिशीच्या आतल्या पोरांना ते फक्त शाळेच्या पुस्तकातलं नाव आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठा नाही. पण केंद्र अगदी उथळ आणि वरती घरं कसली, तर दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, त्यावर लाकूड आणि त्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, दरवर्षी पावसाळ्याआधी वर अजून माती टाकायची म्हणजे गळत नाही. लातूर तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं, त्यामुळं कोणाच्या स्वप्नात नव्हतं. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांत तेरणेच्या काठची ५२ गावं जवळपास पूर्ण गेली. मेलेल्यांचा एक सरकारी आकडा ७,९२८ आहे, दुसरीकडं साडेनऊ हजारांच्या वरचा आकडा मिळतो. जखमी साधारण १६ हजार.

आता या १६ हजार जखमींचा विचार करा. लातूर, उमरगा, सोलापूर, जी काही हॉस्पिटलं होती त्यांच्याकडं माणसं ट्रॅक्टरमधनं, जीपमधनं, एसटीतनं निघाली. आणि त्याच रस्त्यांनी उलट्या दिशेनं काय येत होतं तर मदत घेऊन येणारे ट्रक, पुढाऱ्यांच्या गाड्या, पेपरवाले, आणि नुसते बघायला आलेले लोक. बघे हा शब्द आपल्याकडं उगाच नाही आलेला! नंतरच्या दिवसांत वरून पाऊस लागला, चिखल झाला, चिता पेटेनात. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडलेले, ते कोणी उचलेना, कारण शेतकऱ्याच्या बाईनं त्यातलं काय नेसायचं हा साधा प्रश्न पाठवणाऱ्यानं स्वतःला विचारला नव्हता. रस्त्यावर असलेल्या गावाला पाच-पाच ट्रक आणि आत दोन-तीन किलोमीटरवरच्या गावाला बिस्किटाचा पुडा नाही, हे प्रत्येक आपत्तीत होतं, तिथंही झालं. किल्लारीचं नाव पेपरात पहिलं आलं म्हणून सगळे किल्लारीला. बिचाऱ्या बाकीच्या गावांची नावं पत्रकारांना नीट लिहितासुद्धा येत नव्हती.

यावर लगेच कोणीतरी म्हणणार की बाबा लोक आपुलकीनं येतात, त्यांना अडवायचं कसलं, सरकार पोचेपर्यंत लोकांनीच तर माणसं काढली ना? बरोबर आहे, आणि हे मी शंभर टक्के मान्य करतो. पहिल्या काही तासांत जी माणसं वाचतात ती शेजाऱ्यांनीच काढलेली असतात, फावड्यानं, टिकावानं, हातानं. त्याला समन्वय लागत नाही आणि तो करायला कोणी जाऊही नये. जगभरचा अनुभव हाच आहे. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली, बाहेरच्या देशांतनं सत्तरच्या वर शोधपथकं कुत्री-मशिनरी घेऊन काठमांडूला उतरली आणि या सगळ्यांनी मिळून जिवंत बाहेर काढलेली माणसं होती १६. बाकीच्यांना नेपाळ्यांनीच काढलं, शेजाऱ्यांनी, पोलिसांनी, त्यांच्या सैन्यानं. पथकांच्या धाडसाला नावं ठेवायचा प्रश्न नाही, ती पोचेपर्यंत वेळच निघून गेलेली असते. पण काठमांडूला एकच धावपट्टी. ती जड विमानांनी खराब व्हायला लागली म्हणून मोठी विमानं उतरवणं बंद करावं लागलं, आणि मे च्या पहिल्या आठवड्यात नेपाळ सरकारनं शोधपथकांना सांगितलं की आता तुम्ही परत जा.  मला मात्र वाटतं की ते दोन-तीन दिवस आधी सांगायला हवं होतं, कारण तीच धावपट्टी तंबू आणि औषधांना लागत होती आणि पावसाळा तोंडावर होता.

म्हणजे पहिली लाट शेजाऱ्यांची, ती वंदनीय, तिला हात लावू नका. माझं भांडण दुसऱ्या लाटेशी आहे, जी बारा तासांनंतर सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळसाला जाते, नेमकी तेव्हा जेव्हा टीव्हीवरची चित्रं सगळ्यात वाईट असतात.

वैद्यकीय मदतीत तर ही दुसरी लाट नीट वळवली नाही तर सरळ माणसं मरतात. ढिगाऱ्याखाली हातपाय तासन्‌तास चेपलेला माणूस बाहेर काढला की बोलत असतो, पाणी मागतो, सगळ्यांना वाटतं वाचला. पण चेपलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन दाब निघाल्याबरोबर रक्तात येतं, पोटॅशियमनं हृदय थांबू शकतं आणि मायोग्लोबिननं किडन्या जातात. याला क्रश सिंड्रोम म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत डॉक्टरांना हे नीट कळलं. उपाय तसा साधा आहे, माणूस पूर्ण बाहेर काढायच्या आधीच सलाईन सुरू करायचं, आणि तरी किडनी गेली तर काही दिवस डायलिसिस. तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपात असे किडनीचे ६३९ पेशंट नोंदले गेले, त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं. हे होऊ शकलं कारण १९८८ ला आर्मेनियातल्या भूकंपात अशी माणसं डायलिसिसअभावी मेली, त्यानंतर जगातल्या किडनीतज्ज्ञांनी आधीच एक गट बनवून ठेवला होता, कुठं मशिन आहेत, कुठं पेशंट हलवायचे, कोण नर्स जाणार हे ठरवणारा. म्हणजे तिथं कोणीतरी ‘ऑर्थोपेडिक सर्जन पुरेत, आता डायलिसिसच्या नर्स पाठवा’ असं म्हणू शकत होतं.

किल्लारीला हा प्रकार त्यामानानं कमी दिसला असणार, त्याचंही कारण घरांत आहे. दगड-माती-माळवद पडलं की पोकळी उरत नाही, माती नाकातोंडात जाते आणि माणूस लगेच गुदमरतो. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब पडला तर पोकळ्या राहतात, माणसं तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस अडकून जिवंत राहतात. आता मराठवाड्यात फिरून बघा, भूकंपाच्या धसक्यानं आणि नंतर हातात पैसा आला म्हणून तालुक्याच्या प्रत्येक गावात स्लॅबची दोन-तीन मजली घरं उभी राहिलीत, त्यातली किती इंजिनिअरला दाखवून बांधलीत ते देवालाच माहीत. म्हणजे पुढचा भूकंप किल्लारीसारखा नसेल, तो तुर्कस्तानसारखा असेल. मग माझा साधा प्रश्न आहे, उमरगा, औसा, निलंगा, हिंगोली, वसमत इथं मिळून डायलिसिसची किती मशिन आहेत आणि त्यातली जनरेटरवर किती चालतात, हे एका कागदावर कोणाकडं लिहिलेलं आहे का? २०२४ च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये हिंगोली-नांदेड भागात साडेचारच्या आसपासचे धक्के बसले, लोक रस्त्यावर आले, दोन दिवस चर्चा झाली आणि मग सगळे कामाला लागले.

औषधांचं तर विचारूच नका. त्याच आर्मेनियाच्या भूकंपानंतर जगानं पाच हजार टन औषधं पाठवली. काय काय आलंय याचा अंदाज यायलाच पन्नास माणसांना सहा महिने लागले. काही मुदत संपलेली, काही थंडीनं गोठून खराब झालेली, आणि उरलेल्यातली फक्त ३० टक्के अशी होती की डबा बघून आत काय आहे ते चटकन कळावं, बाकीच्यांवर कुठल्या भाषेत काय लिहिलंय ते तिथल्या फार्मासिस्टला कळेना. पाठवणाऱ्यांना मात्र पुण्य मिळालं आणि काही कंपन्यांचा पडून असलेला माल फुकटात गेला. या सगळ्यानंतर १९९६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं औषधं दान करायचे नियम काढले, त्यातला मुख्य नियम काय तर मागितल्याशिवाय पाठवू नका. तीस वर्षं होत आली. तरी कुठंही पूर-भूकंप झाला की आपल्याकडं सोसायटीच्या ग्रुपवर ‘घरातली उरलेली औषधं जमा करा’ असा मेसेज फिरतोच, आणि जमा करणारे चांगले शिकलेले लोक असतात.

पंगतीत सगळेच जिलबी वाढायला उठले आणि पाण्याचा जग घ्यायला कोणी नाही अशी गत असते ही. ऑपरेशन करायला सगळ्यांना यायचं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी परदेशातनं किंवा दुसऱ्या राज्यातनं तंबूतलं हॉस्पिटल येऊन उभं राहतं तोवर ताज्या जखमा संपत आलेल्या असतात, आणि लागतं काय तर जखमा चिघळल्यात त्यांचं ड्रेसिंग, बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या ज्या ढिगाऱ्यात गेल्या, टीबीचा कोर्स तुटलेले पेशंट, जुलाब, आणि बाळंतपणं. भूकंप झाला म्हणून बाळंतपणं थांबत नाहीत. पण बाळंतपण करणाऱ्या नर्सला विमानात घालून पाठवावं असं पहिल्या दिवशी कोणाच्या मनात येत नाही.

हैतीचं उदाहरण सगळ्यात वाईट आणि म्हणून सगळ्यात कामाचं. १२ जानेवारी २०१० ला पोर्ट-ऑ-प्रिन्स शहराजवळ ७.० चा भूकंप झाला. किती माणसं गेली यावर अजून वाद आहे, एक लाखापासून तीन लाखापर्यंत काहीही सांगतात. जगानं मदतीचा पूर लोटला. शेकडो संस्था आरोग्याच्या एकट्या क्षेत्रात उतरल्या. त्यांच्या समन्वयाच्या बैठका व्हायच्या विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, फाटकावर पहारा, आत इंग्रजीत चर्चा. हैतीतले लोक बोलतात क्रेओल, शिकलेले फ्रेंच. तिथल्या स्थानिक संस्थेचा माणूस फाटकावर ओळखपत्र नाही म्हणून अडायचा, आणि चार दिवसांपूर्वी उतरलेला कोणी तरुण आत बसून त्याच्या गल्लीत तंबू कुठं लावायचे ते ठरवायचा. कोणती टीम काय करू शकते याची काही मोजपट्टी नव्हती. हजारो लोकांचे हातपाय कापले गेले, त्यातल्या कित्येकांची नोंद नीट ठेवली गेली नाही आणि कापणारी टीम दोन आठवड्यांत घरी गेली. पुढं जखम कोण बघणार, कृत्रिम पाय कोण देणार?

आणि तिथंच नकाराची दुसरी बाजूसुद्धा दिसली, ती लपवून उपयोग नाही. विमानतळ अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेचं फुगवून उभं करता येणारं ऑपरेशनचं हॉस्पिटल घेऊन येणारं विमान उतरू दिलं नाही, ते शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकला वळवलं, तिथनं सामान रस्त्यानं आणावं लागलं. म्हणजे नको म्हणणारा होता, पण त्याला कोणतं विमान जास्त गरजेचं हे कळत नव्हतं, किंवा कळत असेल तरी त्याचा क्रम वेगळा होता. पुढं ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला. तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरनं, नेपाळहून आलेल्या तुकडीतनं आला, तळाची घाण नदीत जात होती. दहा हजारांच्या आसपास माणसं त्यात गेली, आणि संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरमध्ये.

हैतीच्या अनुभवावरनं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ ला बाहेरून येणाऱ्या वैद्यकीय पथकांची वर्गवारी केली. नुसतं ओपीडी बघणारं पहिल्या प्रकारचं, ऑपरेशन करणारं दुसऱ्या, बाकीच्यांनी पाठवलेले अवघड पेशंट घेणारं मोठं हॉस्पिटल तिसऱ्या. दुसऱ्या प्रकारच्या पथकाला किमान २० खाटा आणि दिवसाला निदान सात मोठी ऑपरेशनं करता आली पाहिजेत. आणि मला यातला सगळ्यात आवडलेला नियम असा की यायचं तर स्वतःचं पाणी, जेवण, वीज, तंबू, संडास सगळं घेऊन यायचं, किमान दोन आठवडे पुरेल इतकं. मदतीला जाऊन तिथल्या भुकेल्या माणसाच्या ताटात जेवायला बसू नका एवढाच त्याचा अर्थ. भारताच्या सैन्याचं ६० पॅराशूट फील्ड हॉस्पिटल २०२३ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपानंतर तुर्कस्तानात इस्केन्दरुन शहराला गेलं तेव्हा असंच सगळं बरोबर घेऊन गेलं, तिथल्या सरकारी हॉस्पिटलची एक इमारतच पडलेली होती. तीस खाटांचं हॉस्पिटल उभं केलं, हजारो पेशंट बघितले. आपल्या सैन्याला हे उत्तम जमतं. आपल्या देशातल्या देशात जाणाऱ्या स्वयंसेवी आणि खाजगी हॉस्पिटलांच्या टीमना मात्र असला कुठलाच नियम लागू करायची कोणाला गरज वाटत नाही. एक ॲम्ब्युलन्स, चार इंटर्न, एक बॅनर, निघाले.

इथं एक खरी अडचण आहे. नको म्हणायचा अधिकार दिला की तो वापरणारा माणूस त्याचा काय करेल? त्याच २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानात सगळी सूत्रं राजधानी अंकारात एकवटलेली होती, पहिल्या दोन दिवसांत वरून आदेश येईपर्यंत कित्येक ठिकाणी कोणी हललं नाही अशी तिथल्याच लोकांची तक्रार होती. सीमेपलीकडं उत्तर-पश्चिम सीरियात तर मदत जायला सीमेवरचा एकच अधिकृत नाका उघडा होता आणि दमास्कसचं सरकार आणि बाकी जग त्यावर घोळ घालत बसले, संयुक्त राष्ट्रांच्या मदतप्रमुखानं स्वतः तिथं उभं राहून कबूल केलं की आम्ही या लोकांच्या बाबतीत नापास झालो. म्यानमारला २०२५ च्या मार्चमध्ये भूकंप झाला, मंडाले आणि सागाईंग उद्ध्वस्त झालं, तिथं तर लष्करी राजवटच ठरवणार कोणाला जाऊ द्यायचं. असल्या हातात नकाराधिकार म्हणजे आपल्या माणसाला तंबू आणि विरोधकाच्या गावाला ठेंगा. आपल्याकडंही पालकमंत्र्याच्या मतदारसंघात पाण्याचे टँकर कसे लवकर पोचतात ते सगळ्यांना माहीत आहे, उगाच साळसूदपणा नको.

म्हणूनच मी सुरुवातीला स्थानिक म्हटलं, आणि स्थानिक म्हणजे एकटा कलेक्टर असंही म्हणणं नाही माझं. कच्छमध्ये जे झालं ते बघा. २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमाराला तिथं ७.७ चा भूकंप झाला, किल्लारीच्या कितीतरी पट मोठा. भुजचं जिल्ह्याचं मुख्य सरकारी हॉस्पिटलच पडलं, म्हणजे डॉक्टर, पेशंट, औषधं, एक्सरे मशिन सगळं एका मिनिटात गेलं आणि उपचार उघड्या मैदानावर सुरू करावे लागले. पण कच्छला एक गोष्ट आधीची तयार होती. १९९८ च्या कांडल्याच्या वादळानंतर तिथल्या छोट्या-मोठ्या संस्थांनी एकत्र येऊन कच्छ नवनिर्माण अभियान नावाचं जाळं केलं होतं. भूकंपानंतर त्यांनी गावांच्या गटामागं एक अशी ‘सेतु’ केंद्रं काढली. तिथं गावातलीच पोरं-पोरी बसायची, गावात किती घरं पडली, किती विधवा, किती जखमी परत आले, काय मिळालं आणि काय नाही मिळालं हे लिहून ठेवायची, आणि बाहेरची संस्था आली की तिला सांगायची तुम्ही या गावात नको, त्या गावात जा. सरकारला पण हीच माहिती. मुंबईच्या किंवा अमेरिकेतल्या देणगीदाराला ‘आमच्याकडं धान्य भरपूर आहे, पत्रे द्या’ असं तोंडावर सांगायचं बळ त्यांच्यात आलं, कारण हातात गाववार यादी होती आणि मागं तिथंच राहणारे लोक होते.

किल्लारीत पण असं काही उभं राहिलं, फक्त उशिरा. घरं दुरुस्त करायच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं, प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. सरकार आणि गाव यांच्यामधली दोरी म्हणजे या बायका. सिमेंट किती आलं, गवंडी कोनाला पट्टी नीट टाकतोय का, पैशाचा हप्ता का अडला, सगळं त्यांना माहीत. यातल्या काही बायका पुढं कच्छलाही गेल्या, तिथल्या बायकांशी बोलायला. असल्या बायका तिसऱ्या दिवशी मिळाल्या असत्या तर किल्लारीच्या रस्त्यावर भिजणाऱ्या कपड्यांच्या ढिगाचं काय करायचं ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं. आता तर प्रत्येक गावात आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, आहे, अंगणवाडी ताई आहे, बचतगटाच्या बायका आहेत. कोणाच्या घरात गरोदर बाई आहे, कोणाला शुगर आहे, कोणता म्हातारा एकटा राहतो हे आशा ताईच्या डायरीत असतंच. पण जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत तिला खुर्ची नसते.

कायद्याचं काय, असं कोणी विचारेल. कायदा आहे की. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरण केलं, कलेक्टर अध्यक्ष, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सहअध्यक्ष, पोलिस अधीक्षक आणि आरोग्याचा अधिकारी सदस्य. त्याच्या कलम ३४ मध्ये स्पष्ट आहे की आपत्तीच्या भागात येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांवर आणि माणसांच्या शिरण्यावर हे प्राधिकरण बंधन घालू शकतं. म्हणजे नको म्हणायचा अधिकार वीस वर्षांपासून कागदावर आहे! आणि तो कसा वापरतात हे आपण सगळ्यांनी २०२० मध्ये भोगलंय, जिल्हाबंदी, ई-पास, नाक्यावर पोलिस. पुण्याहून साताऱ्याला आईच्या अंत्यविधीला जाणाऱ्या माणसाला आपण अडवू शकलो, तर चार टेम्पो जुने कपडे आणि एक मंत्र्याचा ताफा का अडवू शकत नाही? अधिकार आहे, तो वरच्या माणसाविरुद्ध वापरायची सवय नाही.

वैद्यकीय बाजूला माझं मत अजून कडक आहे. तिथं नको म्हणणारा माणूस जिल्हा शल्यचिकित्सक असावा, त्याच्या बरोबर बाजूच्या दोन जिल्ह्यांचे शल्यचिकित्सक आधीच ठरवून ठेवलेले पर्यायी, कारण भुजसारखं हॉस्पिटलच पडलं तर हा माणूसही ढिगाऱ्यात असू शकतो. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक टीमनं त्याच्या टेबलावर नाव लिहायचं, किती डॉक्टर, किती दिवस राहणार, काय येतं, काय आणलंय, आणि तो सांगेल तिथं जायचं. जे नोंदणार नाहीत त्यांना जखमीला हात लावू द्यायचा नाही. हे ऐकायला क्रूर वाटतं. पण ज्याचा पाय कापला त्याचा कागद कुठं आहे, टाके कधी काढायचे, आत घातलेला रॉड कोणता, हे सहा महिन्यांनी त्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरलाच निस्तरायचं असतं, कापून गेलेल्या सर्जनला नाही. मणक्याला मार लागून कमरेखाली लुळी पडलेली माणसं तर पुढं कितीतरी वर्षं जगतात, त्यांना फिजिओथेरपिस्ट लागतो, कॅथेटर लागतो, पाठीला जखम होऊ नये म्हणून गादी लागते. भूकंपाच्या पहिल्या महिन्यात जेवढे सर्जन आले तेवढेच फिजिओ पहिल्या वर्षात येऊ देत, असा नियम कोणी केला तर मी त्याला मत देईन.

मृतदेहांबद्दल पण एक सांगून टाकतो कारण ती भीती दरवेळी येते. प्रेतं पडून राहिली की साथ पसरते असं आपल्याला पक्कं वाटतं आणि त्या घाईत ओळख न पटवता सामूहिक चिता पेटवल्या जातात. भूकंपात गेलेली माणसं रोगानं गेलेली नसतात, त्यांच्यामुळं साथ येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगतेय. साथ येते घाण पाण्यानं. ओळख न पटता माणूस जळला की मागं राहिलेल्या बाईला मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून मदत नाही, सातबाऱ्यावर नाव लागत नाही. एक फोटो, एक नंबर, अंगावरची एखादी खूण लिहून ठेवायला किती वेळ लागतो. इथंही ‘थांबा, घाई नको’ म्हणणारं कोणीतरी लागतं आणि ते दर्दभरे चेहरे समोर असताना म्हणणं सोपं नाही, कबूल.

बाहेर राहणाऱ्या मराठी माणसांनी, पुण्या-मुंबईच्या मंडळांनी आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी काय करावं, तर पैसे द्यावेत आणि ते सुद्धा एकदम नाही, निम्मे आत्ता आणि निम्मे वर्षानं. वस्तू पाठवायची खाज आवरावी. पैसे पाठवले तर लातूरचा दुकानदार, ज्याचं दुकान उभं आहे पण गिऱ्हाईक ढिगाऱ्यात आहे, तो पुन्हा उभा राहतो. फुकट ट्रक पाठवले तर तोही बुडतो. आता यात फोटो चांगला येत नाही हे खरं आहे.

आपल्याकडं वर्षातनं एकदा कलेक्टर ऑफिसात मॉक ड्रिल होतं. सायरन वाजतो, शाळेची पोरं बाकाखाली बसतात, एनडीआरएफचे जवान दोरीनं खाली उतरतात, स्ट्रेचरवर कोणीतरी हसू दाबत पडलेला असतो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. माझी मागणी आहे की एक ड्रिल दुसऱ्या लाटेचं करा. तालुक्याच्या नाक्यावर तीस-चाळीस गाड्या आणा, कशात पाणी, कशात मुदत संपलेल्या गोळ्या, कशात खरंच चांगले सर्जन, कशात नुसते बघे. टेबलावर एक तहसीलदार, एक शल्यचिकित्सक आणि एक आशा ताई बसवा, हातात गाववार यादी द्या आणि दोन तासांत कोण आत जाणार, कोण परत, कोण कुठल्या गावाला हे ठरवायला लावा. त्यात सत्ताधारी पक्षाच्या आमदाराचा फोटो लावलेला, जुन्या कपड्यांचा एक ट्रक मुद्दाम ठेवा, आणि तहसीलदार तो परत पाठवतो का ते बघा.